तारेला पडलेला पीळ

४ एप्रिल, शुक्रवार
सकाळचं प्रेशर १५८/९४.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रेशर रोज लिहून ठेवा आणि त्याच्याखाली मनात जे घोळत असेल तेही लिहा, म्हणजे इथे येऊन मला सांगावं लागणार नाही. हे त्या हसून म्हणाल्या, पण मी काही एवढा खुळा नाही. डायरी एका पंपाच्या कंपनीची आहे, जुन्या सालाची. वार खोडून लिहावे लागतात. सातवीनंतर मी एवढं सलग काही लिहिलेलं नाही.

आज चिमणी आली होती. चिमणी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. बत्तीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, पण नाव पडलं ते पडलं. खांद्यावर लांबोडकी काळी पिशवी होती. मला वाटलं, कुठे सहलीला निघाली. तिने पिशवी टेबलावर ठेवली, चेन ओढली आणि आतून धाकट्याची गिटार काढली.

मी खुर्चीत बसलेला होतो ते बरं झालं.

इलेक्ट्रिक गिटार आहे. एकेकाळी लालभडक होती, आता विटकरी दिसते. तारा गंजून काळ्या. एक्केचाळीस वर्षं त्याच्या माळ्यावर पडून होती.

"बाबा तीस तारखेला पासष्ट पूर्ण करतायत," चिमणी म्हणाली. "आत्ता ते मावशीकडे गेलेत. तेवढ्यात ही दुरुस्त करायची. आणि नुसती दुरुस्त नाही काका, मला त्यात एक जादा बटण बसवायचंय. दोन्ही पिकअप, तारांचा आवाज पकडतात ते, एकामागून एक जोडायचे, म्हणजे आवाज जाड होतो. मी वाचलंय सगळं."

"ती वाजत नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर. गिटारच्या दुकानात विचारलं. तो म्हणाला ठेवून जा, उघडून बघतो, आत काय झालंय ते सांगतो."

"दुकानात कशाला?" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो. "मी आहे ना. जन्मभर पंप-पंख्यांच्या मोटारी भरल्या मी, तार गुंडाळून. शेवटी तेही वाइंडिंगच."

आमची ही आतून बाहेर आली. "कालपर्यंत बल्ब बदलायला स्टुलावर चढवत नव्हतं. म्हणे हात थरथरतो."

"स्टुलावर थरथरतो. टेबलावर नाही."

चिमणी हसली. म्हणाली, "काका, तुम्ही नाही म्हणणार नाही हे मला माहीत होतं."

ती गेल्यावर गॅस बंद आहे का ते दोनदा बघितलं. मग गिटार कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. ही म्हणाली, ती काय पळून जाणार आहे?

संध्याकाळी १७०/९८.

६ एप्रिल, रविवार
१६२/९६.

उघडली नाही. आधी बाहेरचं करावं. तारा काढल्या. गिटारच्या मानेवर बावीस आडव्या धातूच्या पट्ट्या आहेत, त्यांच्यावर हिरवट थर आला होता. तो बारीक पॉलिश पेपरने घासला. पहिल्या पाचसहा पट्ट्यांवर तारांच्या खाचा पडल्यात. धाकट्याच्या बोटांनी पडलेल्या. त्या घासून काढायला हव्यात, पण माझा हात तिथे थांबला.

पुढचं पांढरं प्लास्टिकचं झाकण अकरा स्क्रूंनी बसवलेलं आहे. आतल्या सगळ्या वायरी त्याच्याखाली. अकराही स्क्रूंवर मशीनचं तेल एकेक थेंब सोडलं. तेल मुरायला वेळ लागतो. घाई करू नये.

९ एप्रिल, बुधवार
१६०/९६.

चिमणी कामावरून सुटून आली.

"उघडलीत?"

"तेल मुरतंय."

"चार दिवस?"

"गंज फार आहे."

"गंज कुठे आहे ते विचार त्यांना," ही म्हणाली.

चिमणी माझ्यासमोर बसली आणि तारा पिळायची एक अडकलेली खुंटी खोलायला लागली. चष्म्याच्या दांड्या आवळायचा इवलासा पेचकस तिच्या पर्समध्येच असतो. एकेक सुटा भाग तिने डब्याच्या झाकणात ओळीने मांडला, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. मी सांगितलं नव्हतं. हे शिकवून येत नाही. धाकटा असंच मांडायचा.

"हात चांगला आहे तुझा," मी म्हणालो.

"काहीतरीच. आमच्या हाताला यश नाही, काका. बाबा म्हणतात ना."

मग तिने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. बारावीनंतर तिला उपकरणं दुरुस्तीच्या कोर्सला जागा मिळाली होती. यादीत नाव लागलं होतं. धाकट्याने जाऊ दिलं नाही. म्हणाला, बनवणाऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस, विकायचं काम धर. विकलेलं मोडलं तर दोष बनवणाऱ्याचा.

"तुम्हाला विचारूनच ठरवलं म्हणाले," ती म्हणाली.

मला आठवत नाही. विचारलं असेल. धाकटा मला सगळंच विचारायचा. दुकानात भरलेली प्रत्येक मोटार तो मला दाखवायचा, आणि मी ती मीटर लावून तपासायचो. एकदाही चूक निघाली नाही. तरी तपासायचो.

ती खुंटी आता लोण्यासारखी फिरते.

११ एप्रिल, शुक्रवार
आज झाकण उघडलं. आत मुख्य तार तुटलेली होती. जुनी झाली की तार तुटते. दमट हवेनेही होतं. बाकी सगळं ठीक. १७२/१००.

१२ एप्रिल, शनिवार
काल खोटं लिहिलं.

डॉक्टरीणबाई ही डायरी वाचणार नाहीत. ही तर वाणसामानाची यादीसुद्धा मलाच वाचून दाखवायला लावते. मग मी खोटं कुणाला सांगत होतो?

तार तुटलेली नाही. कापलेली आहे. मी कापली.

लिहिलं एकदाचं. आता पुढचंही लिहितो.

वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा, धाकटा सहा. मी शाळा सोडून मोटारी भरायला लागलो. पुढे दुकान काढलं. धाकटा दहावी होऊन माझ्या हाताखाली आला आणि दोन वर्षांत माझ्या पुढे गेला. जाड तारेचं काम माझं, बारीक तारेचं त्याचं. टेबलफॅन, शिलाई मशीन, सगळं त्याच्याकडे. तेविसाव्या वर्षी त्याने ही गिटार एका वादकाकडून जुनी घेतली. तिचा एक पिकअप मेलेला होता. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. मोटारीला वीज दिली की ती फिरते, इथे उलटं, तार हलली की वीज तयार होते, आणि त्या विजेचा आवाज होतो. धाकट्याने तो पिकअप आमच्या पंख्याच्या मशीनवर भरला. तीनदा तार तुटली. चौथ्यांदा जमलं. मी शेजारी बसून बघत होतो. मला ते जमलं नसतं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

मग त्याला पत्र आलं. जहाजावरच्या बँडला गिटारवाला हवा होता. अमुक तारखेला एका हॉटेलच्या हॉलमध्ये येऊन वाजवून दाखवा. निवड झाली तर दोन वर्षं समुद्रावर.

जायच्या दिवशी सकाळी तो केस कापायला गेला. मी झाकण खोललं, आवाज बाहेर नेणारी मुख्य तार पकडीने कापली आणि झाकण परत लावलं. पाच मिनिटांचं काम. आणि कापल्यावर टोकाला सवयीने पिवळी सुती स्लीव्ह, म्हणजे तारेवरची नळी, चढवली. आमच्या धंद्यात तारेचं उघडं टोक कधी सोडत नाहीत. पाप करतानासुद्धा काम व्यवस्थित केलं.

तो दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणाला, "दादा, वाजलीच नाही. माझा जोड सुटला असणार. माझ्या हाताला यश नाही." त्यानंतर त्याने गिटारला हात लावला नाही.

मी स्वतःला सांगत आलो की त्याच्या भल्यासाठी केलं. जहाजावर माणूस बिघडतो. खरं असं आहे की तो गेला असता तर लोकांना कळलं असतं, दुकानाचा हात मी नव्हतो. आणि दुसरं म्हणजे दुपारचा डबा मी कधी एकट्याने खाल्लेला नाही.

एक गोष्ट समजत नाही. मी चढवलेली ती स्लीव्ह आत नाही. आणि कापलेल्या दोन्ही टोकांवरचं आवरण सोललेलं आहे, आतल्या तांब्याला पीळ पडलाय. कुणी जोडून परत सोडवल्यासारखा. उंदीर असेल. सुती स्लीव्ह उंदीर खातो. पिळाचं मात्र काही सुचत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
१६८/९८.

धाकट्याने भरलेल्या पिकअपला मीटर लावला. सात हजार दोनशे ओहम. एक्केचाळीस वर्षांनी! कंपनीने भरलेला दुसरा पिकअप सहा हजार नऊशे दाखवतो. म्हणजे हा कंपनीपेक्षा वरचढच. बराच वेळ मीटरचा काटा बघत बसलो. कुणी ओळखीचं अचानक समोर यावं आणि तोंड लपवायला जागा नसावी, तसं झालं.

दुपारी नेमका त्याचाच फोन.

"दादा, गोळ्या घेतोस ना?"

"घेतो. तू कसा आहेस?"

"मी बरा. साडूचा पंखा बंद पडलाय. ते म्हणाले, तुम्ही एवढे मोटारवाले, उघडून बघा. मी म्हटलं नको बाबा, आमच्या हाताला यश नाही, मिस्त्री बोलवा."

हे वाक्य म्हटलं की तो नेहमी थोडा थांबतो. आजही थांबला. फोनमध्ये त्याच्या साडूच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"बरोबर केलंस," मी म्हणालो.

"हो ना," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

१८ एप्रिल, शुक्रवार
सकाळी १६४/९६. संध्याकाळचं घेतलं नाही. घ्यायची हिंमत नाही.

जुनी तार काढून नवी लावली. जोड आरशासारखा बसला. नव्या तारा चढवल्या. जादा बटणासाठी झाकणाला भोक पाडून ठेवलंय, त्याच्या वायरी राहिल्यात.

चिमणी तिच्या मैत्रिणीचा छोटा स्पीकर घेऊन आली. वायर लावली, एक तार छेडली आणि घर भरून आवाज आला. आमची ही हातातलं फडकं टाकून बाहेर आली. चिमणी टाळ्या पिटत नाचली, बत्तीस वर्षांची बाई.

"काका! काय झालं होतं हो आत?"

सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलं आणि आतून निघालं, "जोड सुटला होता."

"म्हणजे बाबांचा?"

"हो."

"हो" एवढंच म्हणालो. तिचा चेहरा उतरला. स्पीकरचं बटण बंद करत म्हणाली, "म्हणजे बाबा म्हणतात ते खरंच आहे तर. मला आपलं वाटायचं, बिचारे उगीच स्वतःला दोष देतात."

एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी त्याचं काम तोडलं ते कुणाला दिसलं नाही. आज त्याच्या मुलीसमोर बसून, चहा पीत पीत, परत तोडलं.

१९ एप्रिल, शनिवार
ती कापलेली तार मी काल कचऱ्यात टाकली होती. सकाळी कचरेवाला यायच्या आत बादली उलटी केली. हिने विचारलं काय हरवलं, तर म्हणालो कवळी. "तोंडात आहे," ती म्हणाली.

तार सापडली. वीतभर आहे. चष्म्याच्या घरात ठेवली. चिमणीला सगळं सांगायचं. धाकटा यायच्या आत.

२३ एप्रिल, बुधवार
सांगायला म्हणून तिच्या दुकानात गेलो. दोन बस बदलून. बाहेर अर्धा तास उभा राहिलो, वाक्य पाठ केलं. आत गेलो तर ती म्हणाली, "या काका, नंबर वाढलाय वाटतं?" मी म्हणालो हो. तिने मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर जड चौकट चढवली आणि समोरची अक्षरं वाचायला लावली. खालची ओळ दिसत नव्हती तरी वाचली.

"काका, अंदाजाने वाचू नका," ती म्हणाली. "दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं. त्यात लाज कसली?"

नवा नंबर घेऊन परत आलो. सांगितलं नाही. बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, आजोबा, काही होतंय का?

१६६/९८.

३० एप्रिल, बुधवार
प्रेशर घेतलं नाही. आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी अकराला धाकटा आला. थकलाय. केस पार गेले. चिमणी आधीच आली होती. टेबलावर चादर आणि चादरीखाली गिटार. तिने चादर ओढली.

तो हसला नाही, रडलाही नाही. जवळ गेला आणि अंगठ्याने मानेवरच्या त्या खाचा चाचपल्या. मी घासल्या नव्हत्या.

"वाजते, बाबा!" चिमणी म्हणाली. "काही मोठं नव्हतंच. तुमचा एक जोड सुटला होता. काकांनी लावला."

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. "असं काका म्हणाला?"

"हो. का?"

"काही नाही. असेल. माझाच हात तो. त्याला यश कुठलं." आणि तो थांबला. नेहमीसारखा.

त्या थांबण्यात मी आजवर कितीदा नुसता बसून राहिलोय देव जाणे. आज मला बसवेना. चष्म्याचं घर उघडलं, तार टेबलावर ठेवली.

"तुझा जोड सुटला नव्हता," मी म्हणालो. "मी कापली होती. तू केस कापायला गेलास तेव्हा. चिमणीला मी खोटं सांगितलं."

ही दारातून आत आली. धाकट्याने तार उचलली, उजेडात धरली.

"माहीत आहे, दादा," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अरे, मोटारीची पिवळी स्लीव्ह गिटारीत कोण घालतं? त्या हॉलच्या मागच्या खोलीत मी झाकण उघडलं. बघताक्षणी कळलं. स्लीव्ह काढली, दातांनी तार सोलली, पीळ देऊन जोडली, वाजवून बघितली. खणखणीत वाजली."

"मग?"

"मग परत सोडवली."

"का? अरे, का?"

"राग आला होता. इतका की वाटलं, घरी जाऊन तुझ्या अंगावर फेकावी." तो खुर्चीत बसला. "मग वाटलं, या माणसाने शाळा सोडली, मला वाढवलं, आणि कधी काही मागितलं नाही. आज मागतोय. चोरासारखा मागतोय, पण मागतोय. तोंडाने मागितलं असतंस तर भांडून गेलो असतो. असं मागितल्यावर जाता येईना."

"आणि मग जन्मभर ते यश नाही, यश नाही?"

"ते तुला ऐकवायला. वाटायचं, एकदा तरी हा म्हणेल, नाही रे, तुझा हात चांगला आहे, चूक माझी आहे. तू आपला मीटर लावून बसायचास." त्याने तार खाली ठेवली. "आणि म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं. कधीपासून ते आता सांगता येणार नाही."

"काय माणसं आहात!" ही म्हणाली. "एका टेबलावर डबे खाल्लेत दोघांनी एवढी वर्षं! तोंडात काय बोळे होते?"

धाकट्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि मला, खरं लिहायचं तर, बरं वाटायला लागलं होतं. हलकं. सुटलो असं. तो मला समजावायला हे बोलला की खरंच असं झालं होतं, याचा विचारसुद्धा मी पुढे ढकलला होता. तेवढ्यात चिमणी बोलली.

"आणि मी?"

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही त्यांना ऐकवत होतात, बाबा. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. खरं ऐकलं कुणी? मी. यादीत नाव लागलं होतं माझं. मी घरी येऊन पेढ्यांचं विचारलं तर तुम्ही म्हणालात, आपल्या हाताला यश नाही. मी ते खरं मानलं. मला काय माहीत हे तुमच्या दोघांचं चाललंय!"

"चिमणे," धाकटा म्हणाला.

"चिमणे नाही."

ती उठली, माझ्या कपाटातून जोड डागायची सोल्डरची कावी काढली आणि प्लग लावला.

"बाजूला व्हा. दोघंही."

तिने अकरा स्क्रू काढले, ओळीने मांडले. पहिलं काम काय केलं, तर मी लावलेला जोड उकलला. आरशासारखा जोड. "हा तुमचा नको," म्हणाली. मग स्वतः तार कापली, सोलली, आणि कावी टेकवली. आयुष्यात पहिल्यांदा. धूर झाला. कथील भलतीकडेच पळालं. बोट भाजलं, तिने ते तोंडात घातलं. धाकटा उठायला लागला, मी त्याचा शर्ट धरून खाली बसवला. नंतर माझं ढुंगण खुर्चीवरून उचललं गेलं तर त्याने माझा धरला. तारा गरम करायच्या, कथील नाही, एवढं सांगायला जीव तडफडत होता. दीड तास आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे हात मांडीवर ठेवून बसलो.

जादा बटणाच्या सगळ्या वायरीही तिनेच लावल्या. स्पीकर लावला. गिटार वाजली. बटण दाबलं तसा आवाज खरंच जाड झाला, मात्र बारीक खरखर येत होती. तिने गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि निघाली. हिने डबा भरून ठेवला होता, तो घेतला. जाताना काकूला येते म्हणाली. आम्हाला नाही.

दार लागल्यावर धाकटा म्हणाला, "बटणाचा खालचा जोड कच्चा आहे."

"बघितला मी."

"चार दिवसांत सुटेल."

"तू सांग तिला."

"मी? तूच सांग."

दोघांनीही सांगितलं नाही. मग आम्ही जेवलो. त्याने माझ्यासाठी पाणी ओतलं. मी त्याला म्हणालो, "सात हजार दोनशे ओहम आहे तुझा पिकअप." तो म्हणाला, "असणारच. मी मोजून भरलाय." आणि खाली मान घालून जेवत राहिला.

सुटलो असं जे वाटलं होतं, ते फार तर पाच मिनिटं टिकलं. धाकट्याचं ओझं त्याने खाली ठेवलं, माझं मी ठेवायला बघितलं, आणि खाली बघतो तर ती पोर उभी. आता तिची माफी कोणत्या तोंडाने मागायची? आणि मागून ती बारावीची यादी परत लागणार आहे का?

४ मे, रविवार
१५६/९२.

चार दिवस तिने कुणाचाच फोन उचलला नाही. ना बापाचा, ना माझा. धाकटा रोज सकाळी मला फोन करून विचारतो, काही कळलं? मी विचारतो, तुला काही कळलं?

आज दुपारी जेवून उठलो आणि फोन वाजला. तीच होती.

"आवाज गेला," ती म्हणाली. काका नाही, काही नाही.

मी उभाच राहिलो. कुठला जोड, कसा सुटला, काय करायचं, सगळं माझ्या जिभेवर आलं. "चिमणे," मी म्हणालो, "तो..."

"सांगू नका."

"बरं."

"मी शोधते. फक्त फोन ठेवू नका."

तिने फोन टेबलावर ठेवलेला ऐकू आला. मग पेचकस. एकेक स्क्रू कशात तरी टाकल्याचा आवाज, मी मोजले, अकरा. ती श्वास घेत होती तो ऐकू येत होता. मीटरची टोकं कुठे तरी टेकवत होती, टिक, टिक. एकदा म्हणाली, "इथे नाही." मला माहीत होतं तिथे नाही. मी डाव्या हाताने तोंड दाबून धरलं, खरंच दाबून धरलं. पुढे गेली. "इथेही नाही." मग हळूच, स्वतःशीच, "अच्छा. तू होय."

कावी तापायला वेळ लागतो, तेवढा वेळ गेला. कानाला घाम आला, फोन दुसऱ्या कानाला लावला. चर्र असा बारीक आवाज. ती पुटपुटत अंक म्हणत होती, एक, दोन, तीन, चार. तारा तापवून मग कथील लावतात तसं. हे तिला मी सांगितलेलं नाही, धाकट्यानेही नाही.

आणि गिटार वाजली. एक तार, मग सहाही. खरखर नव्हती.

मी वाट बघितली. वाटलं, आता काका म्हणेल. तिने फोन उचलला, क्षणभर धरला असावा, आणि बंद केला.

"कोण होतं?" हिने विचारलं.

"चिमणी."

"काय म्हणत होती?"

"काही नाही."

"काही नाही, आणि पाऊण तास?" ती म्हणाली. "तुम्ही तरी काय बोलत होतात?"

"मीही काही नाही," मी म्हणालो, आणि धाकट्याला सांगायला फोन लावला.